त्रेसष्ट दगड आणि हरवलेली वही : आमच्या खनिज मंडळाच्या प्रकल्प नोंदी, नागपूर

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

प्रतापनगरला काकूंच्या घरून तीन खोकी आणली. काका खनिज सर्वेक्षणात सर्वेअर होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा पुण्याला, घर विकायला काढलंय. "दगडांचं काय करू बाप्पा? फेकवत नाही," एवढंच काकू फोनवर म्हणाल्या होत्या.

जुन्या चहाच्या लाकडी खोक्यांत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले एकूण ६३ दगड निघाले. प्रत्येकावर नखाएवढा पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावर काळ्या शाईनं बारीक आकडा. १ ते ६३, मधला एकही गहाळ नाही. म्हणजे वही नक्की होती. ती सापडत नाही. काकू म्हणतात, घर रंगवलं तेव्हा रद्दीत गेली असावी.

आजच एक चूक झाली ती इथं लिहून ठेवते. पहिलं खोकं आम्ही घाईघाईनं उघडलं आणि १ ते १९ क्रमांकांचे कागद गोळा करून कचऱ्याच्या गाडीत टाकले. विसाव्या दगडाचा कागद उलगडताना त्यावरची तारीख दिसली : मार्च १९६८. दगड त्या दिवसाआधी गुंडाळलेला असूच शकत नाही, एवढं तरी तो कागद सांगत होता. गाडी तोवर निघून गेली होती. उरलेले सगळे कागद आता क्रमांक टाकून सपाट करून ठेवलेत.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लेबल नसलेली बाटली आमच्याकडे तपासायला घेतच नाहीत, परत पाठवतात. हे दगड परत कुठं पाठवणार?

१७ नोव्हेंबर, रविवार

मासिक बैठक, अकरापैकी नऊ जण हजर. ठरलं ते असं : नवीन वही करायची, आकडे काकांचेच ठेवायचे. रकाने : क्रमांक, खनिज, कुठून, कधी, हे कशावरून कळलं. शेवटच्या रकान्याचा आग्रह माझा. 'कुठून'मध्ये अंदाज लिहिला आणि तो अंदाज आहे हे लिहिलं नाही, की वीस वर्षांनी तो पुरावा होऊन बसतो.

मंडळात नवीन आलेल्या दोघांनी विचारलं, नागपूरच्या आसपास असं मिळतं तरी काय. सिनियर सरांनी फळ्यावर नकाशा काढला आणि पाऊण तास बोलले. आपलं शहर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व काठावर आहे. सीताबर्डीची टेकडी त्याच पाषाणाची. पश्चिमेला हिंगणा, काटोलकडे जा, खाली तोच. त्याच्या बुडाशी कुठंकुठं लॅमेटाचे, म्हणजे त्या पाषाणाआधीच्या गाळाचे थर डोकावतात. पूर्वेला त्याहून कितीतरी जुना नाइस हा पट्ट्यापट्ट्यांचा खडक. उत्तरेला कामठीचा वालुकाश्म, त्याच्या खाली कोळसा. आणखी पुढं रामटेक, मनसरला सौसर गटाचे खडक, त्यातच मॅंगनीज. मोटरसायकलवर एका दिवसात एवढे सगळे खडक पाहता येतात. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय नागपुरात, मॅंगनीज काढणाऱ्या मॉइल कंपनीचं नागपुरात, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सवर. हे सगळं इथं एकवटलं त्याला या नकाशाचाच आधार आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

गच्चीवर टेबल मांडून पहिली चाचणी. सामान घरगुतीच : बाथरूमच्या टाइलची न चमकणारी मागची बाजू कसासाठी (म्हणजे खनिज घासून उमटणाऱ्या रेघेच्या रंगासाठी), तांब्याचं नाणं, खिळा, काचेचा तुकडा, चुंबक, दहा पटीचं भिंग आणि सोनाराकडून जुना घेतलेला काटा.

२० ते ६३ मधल्या सोप्यांचा निकाल दुपारपर्यंत लागला. गारगोटी, अकीक, अभ्रकाच्या पापुद्र्यांच्या शिस्ट खडकातली तामडी (गार्नेट), कायनाइटची निळसर पाती. हे कायनाइट ओळखायला मजा येते. खिळ्यानं पात्याच्या लांबीत ओढलं तर ओरखडा उठतो, आडवं ओढलं तर खिळाच झिजतो. एकाच स्फटिकाचं काठिण्य दोन दिशांना वेगळं. अकरावीतल्या मुलीनं ते चार वेळा करून पाहिलं, मग आईला फोन करून सांगितलं.

खनिज ओळखलं म्हणजे 'कुठून' कळलं असं मात्र नाही. कायनाइट भंडाऱ्याकडचं असेल, नसेलही. रकाना रिकामा.

८ डिसेंबर, रविवार

मनसरची फेरी. सकाळी सहाला कामठी रोडला जमलो, कन्हानला तर्री पोहे, साडेआठला मनसर. परवानगीचं पत्र हाती होतं. चालू खाणीत पत्राशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा मंडळाचा पहिला नियम. हेल्मेट, पिवळं जाकीट, सोबत सुरक्षेचे दादा. डंपच्या, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या दगडांच्या ढिगाच्या, एका कडेलाच जायची मुभा, हातोडी नाही, माणशी एक दगड, तोही दाखवून.

मनसरला मॅंगनीजचं काम १९०० च्या सुमाराला सुरू झालं. गावात त्याला मॅग्नीजच म्हणतात. दादांचे आजोबा इथंच होते. डंपवर आम्हाला हवा होता तो गोंडाइट : तामडी आणि गारगोटीचा दाणेदार खडक. यातली तामडी मॅंगनीजची, म्हणजे स्पेसार्टाइन. रंग लाल नाही, पिकल्या संत्र्याच्या सालीसारखा, कुठं तपकिरी. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फर्मर यांनी या पट्ट्याचा अभ्यास करून मॅंगनीजवरचा जाडजूड ग्रंथ १९०९ साली काढला. या खडकाचं गोंडाइट हे नावही त्यांचंच, गोंड लोकांवरून ठेवलेलं. जगात कुठंही असा खडक सापडला तर त्याला गोंडाइटच म्हणतात.

भिंगाखाली डंपवरचा गोंडाइट आणि आपला २७ क्रमांकाचा दगड शेजारी धरले. दाण्यांचा आकार तोच, काळे पट्टे तसेच, मधूनमधून गारगोटीची तीच शीर. दादांनीही हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "आमच्याचकडचा दिसून राहिला," म्हणाले. तरी वहीत 'मनसर?' असं प्रश्नचिन्हासकट लिहिलं. कांद्री, गुमगाव, सगळीकडे गोंडाइट आहे.

परतताना रामटेकच्या टेकडीचा क्वार्टझाइट फक्त पाहिला, घेतला नाही. तिथं देवस्थान आहे.

२२ डिसेंबर, रविवार

अधिवेशन काल संपलं, रस्ते मोकळे झाले, म्हणून आज भेटलो.

दिवसभर एकच दगड : क्रमांक १७. काळा, जड, बटाट्याएवढा, त्याचा कागद आम्हीच फेकलेला. चुंबक नेला तर खटकन चिकटला. सगळे म्हणाले मॅग्नेटाइट, लिहा. सिनियर सर म्हणाले, आधी टाइल आणा. मॅग्नेटाइटचा कस काळा पडतो. याचा पडला गडद तपकिरी. शेजारी ओळखीच्या मॅग्नेटाइटची रेघ ओढली तेव्हा फरक डोळ्यांत भरला.

मग वजन. हवेत २३८ ग्रॅम. दोऱ्यानं बांधून पाण्यात लोंबकळत ठेवला, बुडबुडे ब्रशनं झटकले, तिसऱ्या वेळी आकडा स्थिरावला : १८८. फरक ५०. म्हणजे पाण्याच्या ४.७६ पट जड. मॅग्नेटाइट ५.२ च्या आसपास असतं, इतका फरक काट्याच्या चुकीनं पडत नाही. ब्रॉनाइट या मॅंगनीजच्या खनिजाचं वजन जुळतं, पण ब्रॉनाइट असं चुंबकाला धावून जात नाही.

चुंबकाला चिकटणारं, तपकिरी कसाचं मॅंगनीजचं खनिज. सरांचा चेहरा बघण्यासारखा होता. फर्मर यांनी याच जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या अशा खनिजाला व्रेडेनबर्गाइट नाव दिलं होतं, सर्वेक्षणातल्याच सहकाऱ्यावरून. पुढं सूक्ष्मदर्शकानं दाखवलं की ते एक खनिज नाही, जॅकोबसाइट आणि हॉसमनाइट हे दोन एकमेकांत पट्ट्यापट्ट्यांनी विणले गेलेले असतात. म्हणून स्वतंत्र खनिजांच्या यादीत आता त्याला जागा नाही. माझ्या मते तरी लेबलवर जुनं नावही लिहावं. ते नाव याच मातीतल्या दगडाला ठेवलेलं आहे.

एका सदस्याच्या ओळखीनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत घासून चकचकीत केलेला काप पाहायला मिळणार आहे. तोवर 'कुठून' रिकामंच.

५ जानेवारी २०२५, रविवार

अजब बंगल्यात, म्हणजे इथल्या मध्यवर्ती संग्रहालयात गेलो. भूगर्भाच्या दालनात लेबलं कशी लिहिलीत तेवढंच पाहायचं होतं. अक्षराचा आकार आणि कागदाचा जाडपणा टिपून आणला.

१२ जानेवारी, रविवार

संक्रांत मंगळवारी. काकूंना तिळगुळाला बोलावलं होतं, दगड कसे मांडलेत तेही दाखवावं म्हणून. दोन महिने आम्ही खोकी तपासली, कागदांच्या तारखा लावल्या, काकांच्या कार्यालयात चौकशी केली, रद्दीवाल्याकडे जाऊन आलो.

काकूंनी चष्मा लावला, ३४ क्रमांकाचा दगड उचलला आणि म्हणाल्या, "हा चारचा आकडा बघ, वरून उघडा. माझ्या हातचा आहे."

आकडे त्यांनीच घातलेले. काका दौऱ्याहून आले की रात्री जेवणं झाल्यावर काकू ठिपका द्यायच्या, सकाळी तो वाळला की टाक दौतीत बुडवून आकडा. काका पलीकडे बसून गाव सांगायचे आणि वहीत लिहायचे. सगळे त्रेसष्ट. आम्ही त्यांना हे विचारलंच नव्हतं.

मग तीन तास त्या बोलत होत्या आणि मी लिहीत होते. वहीतलं जसंच्या तसं :

"हा तिरोडीचा. हा आणला तेव्हा पोराला गोवर निघाला होता. हे म्हणाले, गुलाबी आहे, तुला आवडंल." (क्रमांक ३४, ऱ्होडोनाइट. वरून काळी साय धरलेली, तुटलेल्या बाजूला आत गुलाबी. मॅंगनीज हवेला लागलं की काळवंडतं.) गोवराचं वर्ष मुलाला फोन करून विचारलं : १९७०. कागदावरची तारीख त्याच वर्षातल्या ऑगस्टची.

"हा जड काळा, चुंबकाचा. पोरं याला टाचण्या चिकटवत. बेलडोंगरीला यांची जीप बिघडली होती, दोन दिवस तिथंच." क्रमांक १७. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांनी बेलडोंगरीचं नाव काकूंसमोर एकदाही काढलं नव्हतं.

"हे मला माहीत नाही." असंही सोळा वेळा म्हणाल्या, आणि एकदाही दबावाखाली काही सांगितलं नाही. साक्षीदार असा हवा.

शेवटच्या रकान्यात आज पहिल्यांदा लिहिलं : 'काकूंच्या आठवणीवरून, १२.१.२०२५'.

२ फेब्रुवारी, रविवार

क्रमांक ४१. हिरवा, लिंबाएवढा, एका बाजूला काळ्या पाषाणाचं खापर चिकटलेलं. काकूंनी सांगितलं होतं, "टाकळीच्या विहिरीतला. सायकलवर गेले होते." आता टाकळ्या काही कमी नाहीत. हिंगणा रोडकडे टाकळी सीम आहे, काटोल रोडच्या बाजूला टाकळी आहे, दोन्हीकडे काळा पाषाण. फोनवर पुन्हा विचारलं. "गिट्टीखदानच्या पुढची. येताना तिथल्या खदानीतला धुरळा अंगभर घेऊन आले होते."

ती टाकळी म्हणजे हिस्लॉप यांची टाकळी. स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते. पुढं कॉलेजला त्यांचं नाव दिलं ते तेच. सहकारी हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूरच्या भूगर्भावर आणि जीवाश्मांवर लिहिलेला लेख १८५५ साली लंडनला छापून आला. टाकळीच्या थरांतून त्यांनी काय काय गोळा केलं! १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरी नदीच्या पुरात ते गेले. टाकळीला मिळणाऱ्या गवती हिरव्या कॅल्साइटला त्यांच्यावरून हिस्लोपाइट म्हणायचे. तेही स्वतंत्र खनिज नाही, आत मिसळलेल्या मातकट सिलिकेटनं कॅल्साइटला हिरवा रंग येतो, एवढंच.

एवढंच खरं आहे का, ते घरी पाहता येतं. दगडाच्या खालच्या बाजूनं तांदळाच्या दाण्याएवढा कण काढला. काकूंना विचारूनच. घड्याळकाचेवर ठेवून पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब. लगेच फसफसला, बारीक बुडबुड्यांचा फेस कडेपर्यंत आला. दुसरा थेंब, तिसरा. दाणा आक्रसत गेला, कडा विरघळल्या. कॅल्साइट निघून जात होतं. साधं हिरवं काचेसारखं खनिज असतं तर काहीच उरलं नसतं किंवा सगळंच उरलं असतं. इथं फेस शांत झाल्यावर काचेवर शेवाळासारखी हिरवी मऊ पूड तेवढी राहिली. पाण्यानं धुऊन सुकवली. चिमटीतही येणार नाही इतकी. लॅबमधल्या छोट्या नळीत भरली, बूच लावलं, त्यावर ४१ लिहिलं.

संध्याकाळी टाकळीकडे चक्कर मारली. विहीर कुठं असेल याचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं. फ्लॅट स्कीमा, किराणा दुकानं, मंगल कार्यालय. जमिनीचा वीतभरही उघडा भाग नाही. त्या जागेचा हिरवा दगड आता असाच कुणाच्या खोक्यात असेल तर असेल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. शाळेत एक वर्ग मिळाला, तिथं ४० दगड मांडले. मुलांना दगड हातात घेऊ दिले, फक्त झिओलाइट, म्हणजे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतली नाजूक खनिजं, काचेत ठेवले. बेलडोंगरीच्या दगडाला टाचण्या चिकटवायला रांग लागली. काकू शेजारी खुर्चीवर बसून होत्या. एका पोट्ट्यानं विचारलं, "आजी, काहून जमवले एवढे?" त्या म्हणाल्या, "मी नाही रे जमवले. मी आकडे घातले."

कॉलेजमधून १७ चा काप पाहून झाला. परावर्तित प्रकाशात दोन छटांचे पट्टे एकमेकांत विणलेले स्पष्ट दिसले. मोबाइलनं काढलेला फोटो वहीत चिकटवला.

२० एप्रिल, रविवार

वाईट बातमी. क्रमांक ५२ गेला.

तो लॉमोंटाइट हा झिओलाइट होता, मुंबईच्या बाजूच्या खदानीतला, पांढऱ्या काड्यांचा सुरेख झुबका. या खनिजाच्या घडणीत पाणी असतं आणि कोरड्या हवेत ते हळूहळू निघून जातं. मुंबईच्या दमट हवेत जे वर्षानुवर्षं टिकतं ते आपल्या एप्रिलच्या झळांपुढं टिकत नाही. फेब्रुवारीत काचेच्या पेटीतून काढून तो आम्ही पश्चिमेच्या भिंतीच्या उघड्या फळीवर ठेवला होता. आज हात लावला तर काड्या खडूसारख्या पांढऱ्याफटक झालेल्या, फुंकर मारली तर भुगा. फळीखाली ढीग पडलाय.

मग आधी पन्नास उन्हाळे कसा टिकला? काकूंनीच सांगितलं. खोकी कूलरच्या खोलीत, खाटेखाली असत, आणि वाळ्याच्या ताट्यांचं पाणी खाली झिरपून कोपरा सदा ओला. काका मुद्दाम तिथं ठेवत की आपोआप घडलं, ते त्यांनाही सांगता येत नाही.

उरलेला भुगा आणि दोन धड काड्या हवाबंद डबीत ओल्या कापसासोबत ठेवल्या. क्रमांक तोच. वहीत लिहिलं : '२०.४.२०२५, कोरड्या हवेनं फुटला, आमच्या निष्काळजीपणामुळे.' उरलेले झिओलाइट कूलरच्या खोलीत हलवले.

१५ जून, रविवार

आजची स्थिती. ६३ पैकी ३८ ची जागा पक्की, ९ प्रश्नचिन्हासह, १६ कोरे. कोऱ्यांमध्ये पहिल्या खोक्यातले ११ आहेत. ते कागद हाती असते तर त्यातल्या काहींचं तरी वर्ष लागलं असतं.

सकाळी मंडळातल्या इलेक्ट्रिशियन दादाचा फोन. काटोल रोडच्या आत एका इमारतीचा पाया खोदताना काळा पाषाण लागलाय, ठेकेदार तासभर पाहू देतो म्हणतो. पाऊस कधीही येईल असं आभाळ. आम्ही तिघं आणि काकू ऑटोनं पोचलो.

खड्डा बारा फूट. वर मुरूम, खाली पोकळ्यांचा भुरकट पाषाण. पोकळ्यांत अकीक, पांढरं कॅल्साइट, कुठं बारीक स्टिल्बाइट, हाही झिओलाइटच. हिरवं काहीच नाही. पोक्लेनच्या दातानं फुटलेल्या ढिगात अर्धा तास शोधलं. मिळाला तो साधा पांढरा कॅल्साइट, आत एक पुसट हिरवट रेघ. ती हिस्लोपाइटची म्हणायला मी धजावणार नाही.

दगड गुंडाळायच्या आधी, खड्ड्याच्या काठावर उभं राहून चिठ्ठी लिहिली. रस्ता, प्लॉट, खोली, तारीख, कुणी काढला. पेन्सिलनं, कारण थेंब पडायला लागले होते आणि शाई पसरते.

घरी आल्यावर काकूंनी पांढरा रंग मागितला. ठिपका त्यांनी दिला, पंख्याखाली वाळू दिला. हात थोडा थरथरत होता म्हणून मनगट टेबलावर टेकवलं. मी वही उघडून पलीकडे बसले.

"सांग," त्या म्हणाल्या.

मी गाव सांगितलं. त्यांनी ६४ लिहिलं, चार वरून उघडा.